पाचव्या मजल्यापर्यंत पाणी

८ जुलै, रात्री बारा

स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला म्हणून उठले, तर आई सिंकपाशी उभी. उजव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडून घेतलेला आणि उरलेल्या चार बोटांनी कुकरचं भांडं घासणं चाललेलं. तिचा आमवात आता बारा वर्षांचा झाला. पावसाळा लागला की सांधे जास्तच आखडतात, सकाळी चहाच्या कपाचा कान धरायलाही वेळ लागतो. "अगं, मशीनमधून निघालेल्या वाट्यांना डाळ तशीच होती. सकाळी तुझी डब्याची घाई, म्हटलं आत्ताच उरकून टाकू." कधीपासून चाललंय हे, असं विचारलं तर आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, आठ-दहा दिवस झाले असतील.

मी भिंतीपलीकडच्या खोलीत झोपत होते आणि मला पत्ता नव्हता, याचं फार वाईट वाटतंय. २०२० च्या टाळेबंदीत मावशींचं येणं बंद झालं, तेव्हा हे भांडी धुण्याचं मशीन घेतलं ते केवळ या हातांसाठी. ते मशीन नीट केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

९ जुलै

ऑफिसातून आल्यावर रिकामं मशीन लावलं आणि समोर पाटावर बसून राहिले. एरवी सुरुवातीला जुनं पाणी उपसल्याचा आवाज येतो, मग पाणी भरल्याची एकसारखी सळसळ, साधारण दीड मिनिट, आणि नंतर आतले फिरते हात पाणी मारायला लागतात, ते दारावर सपसप आदळताना ऐकू येतं. आज सळसळ अगदी क्षीण होती. पंप सुरू झाला, पण मध्येच घरघरायचा, स्ट्रॉने सरबत संपवताना होतो तसा आवाज. मशीन थांबवून दार उघडलं. तळाच्या गाळणीच्या कडेपर्यंत पाणी असायला हवं होतं, ते खाली खळग्यात चार बोटंच होतं. साबणाची गोळी अर्धी विरघळून तळाशी चिकटलेली. पुन्हा लावलं, तर दहा मिनिटांनी नळाचं चिन्ह लुकलुकायला लागलं.

तळाची गाळणी काढून धुतली. तिच्यात मोहरी, कढीपत्त्याचं एक पान आणि कपाच्या कानाचा टवका निघाला. ती तुंबली तरी पंप असाच घरघरतो, म्हणून आशा वाटली होती. पण धुतल्यावरही पाणी तेवढंच. म्हणजे आत येतानाच कमी येतंय.

१० जुलै

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. पलीकडच्या मुलाने ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह गेला असेल, बदलावा लागेल, माणूस पाच दिवसांनी येईल. मशीन न बघता सांगितलेलं मला पटलं नाही. पाच दिवस आईला रात्री सिंकपाशी उभं राहू देणं तर त्याहून नाही.

प्लग काढला, दोन्ही हातांनी मशीन हळूहळू पुढे ओढलं. मागे नळी मुडपलेली नव्हती. बाबांचा मल्टिमीटर अजून कपाटात आहे, तो व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलला लावून तिचा रोध बघितला: ३.८ किलोओम. २३० व्होल्टच्या अशा कॉइलला तीन ते पाच किलोओमच्या आसपास आकडा यायला हवा. कॉइल जळली असती तर काटा हललाच नसता. तेवढ्यावरून अख्खा व्हॉल्व्ह निर्दोष ठरत नाही, पण बदलायची घाई करायचं कारणही उरत नाही.

मग अँगल कॉक, म्हणजे नळी जोडलेला भिंतीतला छोटा नळ, बंद करून नळीचं टोक सोडवलं. टोकात रुपयाच्या नाण्याएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. पक्कडीने ती बाहेर ओढली आणि पांढऱ्या बशीत ठेवली. जाळी दिसतच नव्हती. वर तांबूस गाळाचा थर, कुंभाराच्या मातीसारखा मऊ आणि ओला. नखाने तो खरवडला तर खाली पांढरट, टणक खडे. दोन ऋतू एकावर एक बसले होते. मे महिन्यात सोसायटीने टँकर घेतले, ते बोअरचं जड पाणी. क्षाराचे खडे त्याचे. तांबडा गाळ या महिन्याचा. पहिला जोराचा पाऊस झाला की मुठेच्या खोऱ्यातली माती धरणात उतरते आणि सिंहगड रस्त्यावर आमच्या नळांना चहासारखं पाणी येतं. पिण्याचं पाणी आपण उकळून, तुरटी फिरवून घेतो. मशीन बिचारं तेच पाणी जाळीतून गाळून घेत होतं.

जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवली आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासली. उजेडात धरली तर प्रत्येक भोक स्वच्छ दिसत होतं. तिच्याकडे बघताना मला खरंच आनंद झाला.

मशीन लावलं. पाणी वाढलं, पण गाळणीच्या कडेला टेकेना.

११ जुलै

रात्री अंथरुणात हिशेब करत होते. पाण्याचा दहा मीटर उंच खांब म्हणजे साधारण एक बार दाब. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब अर्धा बार आणि मिनिटाला दहा लिटर धार लिहिली आहे. आमचा मजला पाचवा, शेवटचा. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीवर टाकी. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याची पातळी मशीनच्या नळापासून फार तर सात मीटर वर येते, म्हणजे ०.७ बार. संध्याकाळी सगळ्यांनी पाणी वापरलं की पातळी मीटर-दीड मीटर उतरते, पाइपाच्या वळणांत थोडा दाब जातो तो वेगळा. तळमजल्याच्या काकूंना याच टाकीतून दोन बारच्या वर मिळतो, त्यांच्या नळाखाली हात धरवत नाही. आमच्याकडे गरजेपेक्षा जेमतेम चिमूटभर जास्त, आणि ती चिमूट कुठल्याही अडथळ्यात जाते. गेली काही वर्षं मशीन चाललं ते या चिमटीवर, हे मला आत्ता कळतंय.

सकाळी टाकी भरलेली असताना अँगल कॉकखाली बादली धरली आणि मोबाइलवर एक मिनिट लावलं. सहा लिटर. टाकी भरलेली, जाळी मध्ये नाही, नळी नाही, तरी सहाच. म्हणजे अडथळा कॉकमध्ये किंवा त्याच्याही मागे.

प्लंबर दादा दुपारी आले. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून कॉक खोलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "बघा ताई, वायसर फुगलाय, आणि मागनं क्षार धरलाय. निम्मंच भोक उरलंय." पितळी भोकात पांढरं कडं धरलं होतं, लग्नातल्या जुन्या समईच्या नळीत तेल थिजतं तसं. नवा कॉक बसवला, टेफ्लॉन टेप गुंडाळली. पुन्हा बादली, पुन्हा एक मिनिट: अकरा लिटर. मी दोनदा मोजलं. दादांनी जाताना सांगितलं की पावसाळाभर जाळी महिन्याला काढून बघा, आणि कॉक आठवड्यातून एकदा पूर्ण बंद-चालू करत जा, म्हणजे जाम होणार नाही. कॉकचे आणि मजुरीचे मिळून साडेसहाशे झाले.

संध्याकाळी भांडी लावून दोघी समोर बसलो. सळसळ भरून आली. मध्येच थांबवून दार उघडलं: पाणी गाळणीच्या कडेला टेकलं होतं, वर दिव्याचं प्रतिबिंब हलत होतं. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढुसंच लागतं होय गं?" एका वेळेला तीन-चार लिटर, सगळ्या धुण्याला मिळून दहा-बारा. ती रात्री एकटी घासायची तेव्हा दोन बादल्यांच्या वर जायचं, हे तिनेच सांगितलं.

१२ जुलै

आज पानशेतच्या पुराची तारीख. १९६१ साली आई नऊ वर्षांची, पुण्यात नारायण पेठेत राहायची. पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि पेठांमध्ये पाणी शिरलं. दरवर्षी या दिवशी ती पुराबद्दल काहीतरी बोलते, पण आज पहिल्यांदाच भांड्यांबद्दल बोलली. ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, त्यातून तिच्या आजीने पितळी पातेली उपसून काढली आणि घासायला पाणीच नाही. धरण गेल्यामुळे शहराचं पाणी तुटलेलं. पाण्याच्या गाडीपुढे रांगेत उभं राहायचं, मिळेल ते प्यायला ठेवायचं. पातेली राखेने कोरडी घासून फडक्याने पुसली. "चिंच लावून लखलखीत केली ती पुढे महिन्याभराने."

भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ ला मिळवलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं, पण घेतलं ते मुख्यतः हॉटेलांनी. त्या काळी घरांतून एवढं गरम पाणी पुरायचं नाही, हे त्यामागचं एक कारण. आईला हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाईनेच केलं असणार. हात तिचेच दुखले असतील."

१५ जुलै

सर्व्हिसचा माणूस आज यायचा होता, कालच फोन करून नको म्हणून कळवलं. चार दिवस भांडी स्वच्छ निघताहेत, वरच्या कप्प्यातले पेलेसुद्धा. पाण्यातले क्षार काढायला मशीनला मीठ लागतं, ते संपल्याचा दिवा लागला होता तेव्हा बिनआयोडीनचं जाडं मीठ भरलं. टँकरच्या पाण्याने ते भराभर संपतं. आणि मशीन आता सकाळी साडेपाचला लावते, टाकी भरलेली असते तेव्हा.

लोखंडी तवा आणि कढई मात्र आत घालता येत नाहीत, गंज चढतो. ती दोन भांडी मी घासते. काल रात्री आई उठलीच नाही.

आत्ता दुधाचा हिशेब लिहायला भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर ऑगस्टच्या एक तारखेखाली तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं: जाळी. सप्टेंबर उलटून बघितला, तिथेही एक तारखेला जाळी, आणि कंसात माझं नाव.