कुटुंबासह नेदरलँड्सला जाण्याआधी: आइंडहोवनचा पाहणी दौरा

बायकोला आइंडहोवनजवळच्या एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलं. पगाराचा हिशेब एका संध्याकाळी झाला. मुलगी कोणत्या शाळेत जाणार, तिला डच येईपर्यंत ती वर्गात काय करणार, आणि मी माझी नोकरी सोडून गेलो तर माझा दिवस कसा जाणार, हे प्रश्न मात्र नुसतं बोलून सुटणारे नव्हते. म्हणून होकार कळवण्याआधी तिघांनी शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) जाऊन गाव पाहून यायचं ठरवलं. नेदरलँड्सला बिऱ्हाड हलवायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नोव्हेंबर मुद्दाम निवडला. ट्यूलिपच्या दिवसांत हा देश कुणालाही आवडेल. राहायला जमेल का, ते हिवाळ्याच्या तोंडावर कळतं. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य आठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. मुलं अंधारात शाळेला निघतात आणि शाळा सुटून थोडा वेळ खेळली की पुन्हा अंधार. वर भुरभुर पाऊस. हे पाहूनही घरातल्या सगळ्यांचं मन तयार असेल तर पुढचं सोपं जातं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण त्या उजेडात निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून आइंडहोवनला थेट रेल्वे आहे, साधारण सव्वा ते दीड तास लागतो. तिकिटाची वेगळी धडपड लागत नाही. २०२३ पासून देशभर रेल्वे, बस, ट्रामला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना टेकवायचं, उतरताना आठवणीने पुन्हा टेकवायचं. प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं.

गाव म्हणून आइंडहोवन चटकन डोळ्यात भरत नाही. गावभर कालवे नाहीत, जुनी वाकडी घरं नाहीत. १८९१ मध्ये इथे फिलिप्स सुरू झाली आणि गाव तिच्याभोवती वाढलं. तिच्या जुन्या कारखान्यांच्या जागी आता स्ट्रायप-एस ही राहती वस्ती आहे, प्रयोगशाळेच्या जागी हायटेक कॅम्पस आहे, आणि शेजारच्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल ही कंपनी. त्यामुळे इथे परदेशी कुटुंबं भरपूर आणि इंग्रजी सगळीकडे चालतं. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात आमचं कुठेच अडलं नाही. पण शाळेचं पत्र, महापालिकेची नोटीस, वीज कंपनीचा करार हे सगळं डचमध्येच येतं, हे धरून चला.

आता घरांकडे येतो, कारण सगळं घरावर अडतं. तिथे चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून पाच दिवसांत महापालिकेत नोंदणी करावी लागते. नोंदणीला पत्ता लागतो. नोंदणी झाली की बीएसएन नावाचा नागरिक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर पगार, आरोग्य विमा, डॉक्टर, सरकारी कामांचं डिजिडी हे लॉगिन, सगळं चालतं. डिजिडीचा सक्रिय करण्याचा कोडसुद्धा नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. त्यामुळे पहिले काही आठवडे कंपनीने दिलेल्या किंवा स्वतः घेतलेल्या तात्पुरत्या घरात राहणार असाल तर पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. ‘या पत्त्यावर आमची नोंदणी होईल का?’ हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बऱ्याच तात्पुरत्या घरांत ती होत नाही.

भाड्याची घरं पारारियस आणि फुंडा या संकेतस्थळांवर असतात. जाहिरात वाचताना घर कोणत्या अवस्थेत मिळणार ते आधी बघायचं. फर्निचरसह, नुसत्या फरशी-पडद्यांसह, किंवा अगदी कोरं. कोरं म्हणजे किती कोरं, याची आपल्याला कल्पना नसते. आम्ही पाहिलेल्या एका घरात दार उघडलं तर पायाखाली नुसतं करडं सिमेंट. आधीच्या भाडेकरूने लाकडी फरशी उचलून नेली होती, कडेकडेने गोंदाचे पट्टे तेवढे राहिले होते. छतातून दिव्याच्या वायरी लोंबत होत्या, खिडक्यांना पडद्याचा गजसुद्धा नव्हता. एजंटला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण तिथे तशीच पद्धत आहे. भाडं कमी दिसतं म्हणून असं घर घेतलं तर आल्या आल्या फरशीपासून खर्च सुरू होतो, आणि तोही घरात झोपायला खाट नसताना. पहिल्या वर्षासाठी फरशी-पडद्यांचं घर मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं.

दुसरी गोष्ट जिन्याची. तिथली बरीचशी कुटुंबाची घरं ओळीत एकाला एक चिकटून, दोन-तीन मजली. जिना अरुंद आणि इतका उभा की उतरताना पाऊल आडवं टाकावं लागतं. झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली, आणि शौचालय पुष्कळदा फक्त तळमजल्यावर. लहान बाळ असेल किंवा गुडघे दुखणारे आई-वडील राहायला येणार असतील तर हे छायाचित्रांत कळत नाही. प्रत्यक्ष चढून-उतरून बघा.

पैशांचं थोडक्यात. १ जुलै २०२३ पासून अनामत रक्कम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते. १ जुलै २०२४ पासून नव्या भाडेकरारांत बेमुदत करार हाच नियम आहे, मुदतीचे करार मोजक्या अपवादांतच होतात. एजंट घरमालकाचा असेल तर त्याने भाडेकरूकडून दलाली घ्यायची नाही. घरमालक पगाराचं पत्र मागतात, आणि मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असावं अशी अट सर्रास असते. कचरा आणि पाण्याच्या व्यवस्थेचे कर राहणाऱ्याकडून घेतात, ते भाड्यात धरू नका. आणि घर न बघता, किल्ली हातात यायच्या आधी कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

वस्ती निवडताना आम्ही कंपनीचा पत्ता बाजूला ठेवला आणि शाळेपासून सुरुवात केली. बायको सायकलने वीस मिनिटं लांब गेली तरी चालेल. सात वर्षांच्या मुलीचा रोजचा रस्ता मात्र छोटा आणि सुरक्षित हवा. सकाळी सव्वाआठला आम्ही एका शाळेच्या रस्त्यावर नुसते उभे राहिलो. पाऊस चालू होता. रेनकोटची पँट चढवलेली मुलं आपापल्या सायकलींवर, धाकटी मोठ्यांच्या सायकलीच्या पुढच्या लाकडी पेटीत बसलेली, मागे-पुढे आई किंवा बाबा, आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबलेल्या. आमची मुलगी आधी नुसतं बघत होती. मग तिने विचारलं, ‘मला केव्हा मिळेल सायकल?’ शाळेच्या वेळी शाळेच्या रस्त्यावर उभं राहणं हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगेन. त्याला भेटीची वेळही लागत नाही.

शाळांचे दोन रस्ते आहेत. एक इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेचा. आइंडहोवनमधली मोठी शाळा जुन्या लष्करी बराकींच्या आवारात आहे. सरकारी अनुदानामुळे तिची फी खाजगी शाळांपेक्षा कमी आहे, तरी वर्षाला काही हजार युरो लागतात, आणि मुक्काम ठरावीक काळाचा आहे असं कंपनीचं पत्र लागतं. दुसरा रस्ता डच शाळेचा, जी मोफत आहे. मुलं चार वर्षांची झाली की जाऊ शकतात, पाचव्या वाढदिवसानंतरच्या महिन्यापासून शाळा सक्तीची. भाषा न येणाऱ्या मुलांना आधी नवागतांच्या वर्गात घालतात, तिथे मुख्यतः डच शिकवतात, मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. प्राथमिक शाळेचे आठ गट, आणि आठव्या गटात, म्हणजे बाराव्या वर्षाच्या आसपास, शिक्षकांचा सल्ला आणि परीक्षा यांवरून पुढचा प्रवाह ठरतो: व्यवसायाकडे नेणारा, मधला, किंवा विद्यापीठाकडे नेणारा.

हे बारावं वर्ष निर्णयात धरावंच लागतं. मूल पाच-सात वर्षांचं असेल आणि तुम्ही बरीच वर्षं राहणार असाल तर डच शाळा उत्तम, तोपर्यंत भाषा पक्की होते. मूल दहा-अकराचं असेल तर डच येण्याआधीच प्रवाह ठरायची वेळ येते. त्या वयात आंतरराष्ट्रीय शाळेचा खर्च पेलत असेल तर मी तोच करेन. आम्ही डच शाळा ठरवली. शिक्षिकेने आमच्याशी बोलण्याआधी मुलीला कागद आणि रंग दिले, तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून चित्रातल्या एकेका गोष्टीचं डच नाव सांगितलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. मला तेवढं पुरलं.

बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी लवकर सुटतात. शाळेनंतरचं पाळणाघर महाग आहे. त्यासाठी सरकारी भत्ता मिळतो, पण साधारणपणे आई-वडील दोघंही कमावते किंवा शिकत असतील तरच. म्हणजे माझ्यासारखा जोडीदार नोकरी शोधत घरी असताना तो धरता येत नाही. घरच्या अंदाजपत्रकात हा आकडा आधी लिहा.

जोडीदाराच्या बाजूने चांगली गोष्ट ही की उच्चकुशल स्थलांतरिताच्या (बायकोसारख्या कुशल नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याच्या) जोडीदाराला काम करायला वेगळा परवाना लागत नाही. राहण्याच्या परवान्याचे अर्ज कंपनीच करते, कुटुंबाचे अर्जही त्याच वेळी देता येतात. परदेशातून आलेल्या नोकरदाराच्या पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त ठेवणारी ‘तीस टक्क्यांची करसवलत’ मिळणार असेल (२०२७ पासून ती सत्तावीस टक्के होते) तर नोकरीच्या करारावर सही भारतात राहत असतानाच करा आणि रुजू झाल्यावर चार महिन्यांच्या आत अर्ज जाईल याकडे लक्ष ठेवा. या सवलतीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. भारतीय वाहन परवाना एरवी १८५ दिवसच चालतो, मग पुन्हा लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. सवलत असलेल्यांना आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना तो परीक्षेविना बदलून मिळतो. माझ्या दिवसाचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं. तिथे भाषा-कॅफे भरतो, नवखे लोक आणि गावातले स्वयंसेवक चहा घेत डच बोलत बसतात. दौऱ्यात अशा एखाद्या ठिकाणी जोडीदाराने एकट्याने जाऊन बसावं.

डॉक्टरचं निराळं आहे. थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही, आधी घराजवळचा कुटुंब डॉक्टर, आणि अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. घर ठरवण्याआधी त्या भागातल्या दवाखान्याला फोन करून विचारा. आरोग्य विमा चार महिन्यांत घ्यायचा, हप्ता मात्र आल्यापासूनचा भरावा लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाच्या उपचारखर्चातले पहिले ३८५ युरो खिशातून, कुटुंब डॉक्टरच्या भेटी त्यात मोजत नाहीत. भारतीय पासपोर्टवर आलेल्यांना तीन महिन्यांत क्षयरोगाची तपासणी करावी लागते. मुलांच्या लसीकरणाचा पूर्ण तक्ता, बीसीजीच्या नोंदीसह, इंग्रजीत न्या.

कागदांना भारतात सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून पाहणी दौऱ्याच्याही आधी सुरू करा. तिघांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र, आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. नुसता मराठीत असलेला दाखला चालत नाही, इंग्रजी असलेला नवा काढून घ्या. आपल्या पिढीतल्या कितीतरी जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, ते आधी नोंदवून घ्यावं लागतं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि जन्मदाखल्यावर माहेरचं असेल तर दोन्हींना जोडणारा कागद विवाह प्रमाणपत्र हाच, त्यातलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर तपासा. निघण्याआधी बँकेतलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करायचं आणि इथल्या कामांसाठी विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं, ही दोन कामंही याच यादीत.

आई-बाबांबद्दल आम्ही खूप बोललो. त्यांना कायमचं सोबत नेण्याचा सरळ मार्ग तिथल्या नियमांत जवळजवळ नाहीच. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तेवढंच. हे त्यांना आधीच, समोर बसून सांगितलं पाहिजे. ‘तुम्हाला नंतर बोलावून घेऊ’ असं मोघम बोलून निघू नये. वर्षातून एकदा त्यांनी तिकडे यायचं आणि एकदा आम्ही इकडे, हे ठरवून विमानाच्या भाड्याची रक्कम आम्ही वार्षिक खर्चात सगळ्यांत वर लिहिली.

परतल्यावर आम्ही होकार कळवला. बायको आधी जाईल, पत्ता आणि नोंदणी उरकेल. मुलीचं इथलं वर्ष एप्रिलमध्ये संपलं की आम्ही दोघं. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची असते. त्या सुट्टीतच पोहोचलं तर मुलाला शाळा नाही, मित्र नाहीत आणि गल्लीतली मुलं गावाला गेलेली. म्हणून मे महिन्यात पोहोचून सुट्टीआधीचे काही आठवडे तिला वर्गात बसवायचं ठरवलं आहे, आणि शाळेने त्याला होकार दिला आहे.