१९८६ ची ९४४: दोन बेल्ट आणि काडेपेटीएवढा एक रिले

मागची नोंद संपवताना माझी १९८६ ची पोर्शे ९४४ जॅक स्टँडवर होती आणि इंजिनच्या पुढच्या बाजूची कव्हरे निघाली होती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत दोन कामे मार्गी लागली. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनांशी जुळती ठेवणारा टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट बदलून झाला, आणि इंजिन तापल्यावर वाटेत बंद पडण्याचा जो विकार वर्षभर मला हुलकावणी देत होता त्याचे मूळ अखेर हाती लागले. पहिल्या कामाची धास्ती मोठी होती, पण वेळ दुसऱ्यानेच खाल्ला.

या गाडीची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. पोर्शे ९४४ हे मॉडेल १९८२ ते १९९१ या काळात बनत होते. पुढे २४७९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मागे गिअरबॉक्स आणि दोहोंना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब अशी तिची रचना असल्यामुळे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखे वाटले जाते, आणि वळणावर ही जुनी गाडी आजही जी निश्चिंती देते ती बऱ्याच अंशी यामुळेच. चारच सिलिंडरमध्ये अडीच लिटर बसवायचे तर प्रत्येक सिलिंडरचा व्यास १०० मिमी होतो आणि एवढ्या मोठ्या पिस्टनांची थरथर स्वस्थ बसू देत नाही. ती शमवण्यासाठी क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट दिलेले आहेत. या रचनेचे हक्क पोर्शेने मित्सुबिशीकडून परवान्याने घेतले होते. इंजिनच्या तोंडाशी दोन बेल्ट आहेत ते यामुळे, आणि टायमिंग बेल्टपर्यंत पोहोचायचे तर आधी बॅलन्सचा बेल्ट उतरवावा लागतो.

टायमिंग बेल्ट तुटला तर या इंजिनात पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात, हे येथे बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही आधीच्या मालकाच्या फाइलमध्ये ‘बेल्टवर फक्त १४,००० किमी’ अशी नोंद पाहून मी दोन वर्षे निर्धास्त राहिलो. बेल्ट बसवल्याची तारीख त्याच पानावर होती आणि तिला ९ वर्षे होऊन गेली होती, पण तिकडे माझे लक्ष गेले नाही. कमी चालणाऱ्या गाडीत किलोमीटरचा आकडा फसवा असतो. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होतेच, शिवाय पुढच्या ऑइल सीलमधून पाझरणारे तेल बेल्टवर पडत असेल तर त्याचे आयुष्य आणखी घटते. माझा बेल्ट बोटांत दुमडला तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या. तो मी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवला आहे.

बेल्टबरोबर वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सर्व रोलर आणि पुढची सील बदलली. पंप बेल्टच्या मागेच असल्याने तो जुनाच ठेवणे म्हणजे हेच सगळे काम पुन्हा ओढवून घेणे होते. त्याचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षे गंजून बसलेले असतात. मी आदल्या रात्री तेल सोडून ठेवले, सकाळी ब्लॉकला थोडी ऊब दिली आणि प्रत्येक बोल्ट पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे असा फिरवत काढला. एकही तुटला नाही, याचे श्रेय मी कौशल्यापेक्षा नशिबाला देईन. क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. त्यासाठी फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे जड चाक) अडकवून धरणारे हत्यार आधीच मिळवून ठेवावे, गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरण्याच्या भानगडीत पडू नये.

चूक झाली ती बॅलन्स शाफ्टच्या बाबतीत. वरच्या शाफ्टची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेशी नीट जुळली होती, खालची मात्र आरशात पाहून जुळवावी लागते आणि मी आरसा तिरका धरला होता. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, तेव्हाही त्याच आरशाने, त्याच कोनातून. इंजिन सुरू झाले, आवाजही स्वच्छ होता, पण मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या पुढे गिअरच्या दांड्यात एक बारीक झिणझिण येऊ लागली. ती पूर्वी नव्हती. कव्हर पुन्हा काढले तर खालचा शाफ्ट एका दाताने सरकलेला निघाला. यात इंजिन मोडत नाही, मात्र ज्या कामासाठी तो शाफ्ट आहे तेच नेमके बिघडते. दुसऱ्या वेळी बेल्ट आणि त्याच्या मार्गदर्शक रोलरमधले ०.५ मिमीचे अंतर फीलर गेजने मोजले. ते पहिल्यांदा मी नजरेच्या अंदाजाने ठेवले होते, हेही कबूल केले पाहिजे. ताणाबद्दल एवढेच सांगतो की बेल्ट दोन बोटांत धरून पीळ देऊन पाहण्याची पद्धत पुष्कळजण वापरतात, पण माझ्या गाडीत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर स्प्रिंगचा नसून हाताने बसवायचा आहे, त्यामुळे थंड इंजिनावर, मापकाने मोजूनच मी समाधान मानले.

आता त्या विकाराकडे वळतो. अर्धा-पाऊण तास चालल्यावर इंजिन एखादा दिवा मालवावा तसे बंद पडायचे, वीसेक मिनिटे थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू व्हायचे. बंद पडण्यापूर्वी एक आचका नाही की धडधड नाही. गरमीशी संबंध दिसल्याने मी पेट्रोलच्या मागे लागलो, फिल्टर बदलला, टाकीकडच्या नळ्या पाहिल्या. मग फ्लायव्हीलभोवतीच्या आवरणावर (बेल हाउसिंग) बसवलेल्या, इंजिनचा वेग आणि स्थिती टिपणाऱ्या दोन्ही सेन्सरांवर संशय घेतला. त्यांचा रोध १००० ओमच्या आसपास भरला, म्हणजे ६०० ते १६०० च्या मर्यादेत. फ्लायव्हीलपासूनचे अंतर ०.८ मिमी हवे, तेही बरोबर होते. नाइलाजाने मी ठिणगी तपासण्याचे साधन आणि टेस्ट लॅम्प गाडीतच ठेवून फिरू लागलो.

पुढच्या वेळी ती बंद पडली तेव्हा रस्त्याच्या कडेला दोन गोष्टी एकदम दिसल्या: स्टार्टर फिरवताना प्लगला ठिणगी नाही आणि फ्युएल पंपालाही वीज नाही. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच क्षणी मरतात तेव्हा दोघींच्या वाटेवरचा सामाईक नाका शोधावा, हे मला वर्षापूर्वीच सुचायला हवे होते. हा नाका म्हणजे फ्यूजच्या पेटीतला डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा (डीएमई) विजेवर चालणारा स्विच. या एका डबीत दोन संपर्क असून एक इंजिनच्या संगणकाला वीज देतो व दुसरा पंपाला. रिले उपसून त्या जागी तारेचा जोड दिला आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात धरले. हा जोड केवळ चाचणीपुरता आहे, कारण तो असताना इंजिन थांबले तरी पंप चालूच राहतो आणि अपघातात ते जिवावर बेतू शकते.

घरी रिलेचे आवरण उघडून भिंगाखाली धरले तेव्हा एका पायाभोवतीच्या डाखाला केसाएवढी गोल चीर पडलेली दिसली. तापल्यावर धातू प्रसरण पावून ती फाकत असणार आणि निवल्यावर पुन्हा टेकत असणार. नवा रिले बसवला. जुन्याला नव्याने डाख दिला, हेअर ड्रायरने अर्धा तास तापवून संपर्क टिकतो याची खात्री केली आणि तो आता ग्लव्ह बॉक्समध्ये सोबतीला असतो.

ओडोमीटर अजून बंदच आहे. गाडी चालू असताना ट्रिपचा आकडा शून्यावर आणला की आतले प्लॅस्टिकचे चक्र तुटते, आणि तो पराक्रम कधी तरी कोणी केलेला आहे. त्यामुळे बेल्टचा ताण पुन्हा तपासण्यासाठी ठरवलेले २००० किमी मी सध्या वहीत, पेट्रोल भरल्याच्या हिशेबावरून मोजत आहे. आतापर्यंत साधारण १३०० झाले आहेत. मागच्या काचेची चौकट एका कोपऱ्यात सुटू लागली आहे, पण तिला ताण तपासून होईपर्यंत थांबावे लागेल.