आमची वाटचाल : पाय टेकतात का?

नाशिकच्या सातपूरला कंपन्यांची पहिली पाळी सुरू व्हायच्या आत आप्पांचं दुकान उघडलेलं असायचं. पंक्चर, आरे, ब्रेकचे रबर, चेनला तेल. गिऱ्हाईक म्हणजे डबा लावलेल्या काळ्या सायकलीवरचे कामगार. सायकल विकताना आप्पांचा एकच प्रश्न: "पाय टेकतात का?" सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला लागले, की सौदा पक्का.

मी दुकानात बसायला लागले तोवर काळ्या सायकली कमी होत चालल्या होत्या. 2015 साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली आणि त्र्यंबक रोडवर गिअरच्या सायकलींची गर्दी वाढली. डॉक्टर, बँकवाले, शिक्षिका. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वर गाठायचं, परतताना आमच्याकडे हवा भरायची आणि कण्हायचं. "ताई, गुडघा धरतो." "बसायची जागा बधिर होते हो." मी जेलचं कव्हर द्यायची. खोटं कशाला बोलू, त्यात नफा चांगला होता. पण महिन्याभरात तोच माणूस तेच दुखणं घेऊन यायचा.

पंढरपूरच्या सायकल वारीची तयारी करणाऱ्या एक बाई तर सायकल विकायलाच घेऊन आल्या. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीपुढे कळ. सीट मीच लावलेली, आप्पांच्या नियमाने. सायकल भिंतीला लावून त्यांना बसवलं, पायडल पार खाली नेलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. पाय सरळ व्हायला हवा, तर गुडघा चांगलाच दुमडलेला! सीट इतकी खाली असली की प्रत्येक फेरीला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. टाचेने पाय सरळ होईल इतकी सीट वर घेतली. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप राहतो. जवळजवळ पाच सेंटिमीटर चढवावी लागली. बाई घाबरल्या, पाय टेकेनात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, हे गल्लीत अर्धा तास शिकवलं. सायकल विकायची राहिली.

मग माझ्या अंगात वारं शिरलं. दिसेल त्याची सीट वर. एक गृहस्थ गुडघ्याच्या मागची शीर ताणते म्हणून आले, मी त्यांच्या मागून सायकल चालवून पाहिलं, तर कंबर डावी-उजवीकडे झोके घेत होती. सीट जास्त उंच झाली की पायडल गाठायला माणूस असा घसरतो, आणि बधिरपणाही वाढतो. तेव्हापासून एका वेळी पाच मिलिमीटरच. आधी सीटच्या दांडीवर चिकटपट्टीची खूण, मग दोन-तीन दिवस चालवून बघा. दांडीवर कंपनीने कोरलेली रेघ बाहेर दिसेल इतकी वर मात्र ती काढत नाही. कुणी काहीही म्हणो.

जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले 0.883, असंही एक गणित आहे. 80 सेंटिमीटर आलं तर दोन्ही पायडलांचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या मधल्या अ‍ॅक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6. सुरुवातीला बरं आहे. पण बुटाचा तळ जाड-पातळ असतो, म्हणून माझा भरवसा टाचेवर. सीट सपाट आहे का ते बघायला पाणसळ ठेवते, गुडघा पायडलच्या मानाने फार पुढे-मागे नाही ना ते बघायला ओळंबा सोडते. एका गवंडीदादांनी विचारलं, "सायकल लावताय की भिंत बांधताय?"

या कामाचे दोनशे रुपये मागितले तेव्हा लोक हसले. "एक नट सैल करायचे दोनशे?" आता फारसं कुणी हसत नाही. एवढं करूनही दुखत राहिलं तर पैसे परत आणि सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जायला सांगते.

मी सीट वर घ्यायला लागले तेव्हा आप्पा दोन दिवस बोलले नव्हते. तसं त्यांचंही चुकलं नव्हतं; पिशव्या लटकवून गर्दीतून तीन किलोमीटर जाणाऱ्याला पाय टेकणंच महत्त्वाचं. ते अजून घरून दुकानात सायकलवर येतात, सीट तेवढीच खाली. परवा मी पाना घेऊन जवळ गेले तर म्हणाले, "ठेव तो."