तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हिटलरच्या गाडी’वर एवढा जीव कसा?

पुण्याला गेलो की, इकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला घरी पाहुणे आले की, मंडळाच्या गणेशोत्सवात नवी ओळख झाली की, पाच-दहा मिनिटांत तो प्रश्न येतोच. शब्द बदलतात, रोख तोच राहतो. “ती हिटलरची गाडी ना? मग तिच्यावर तुमचा एवढा जीव कसा?” कोणी सहज विचारतात, कोणी टोचून विचारतात, आणि माझी सख्खी मावशी खऱ्याखुऱ्या काळजीने विचारते. चौदा वर्षांपासून माझ्याकडे १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल आहे, म्हणजे चौदा वर्षे मी या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तरे देत आलो आहे. ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे माझ्या पत्नीने लक्षात आणून दिले. म्हणून एकदा बसून लिहितो.

जीव कसा, हे आधी सांगतो, कारण ते विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे ऐकून घेतात. माझी गाडी ‘१३००’ मॉडेलची आहे. १२८५ घनसेंटिमीटरचे इंजिन, ४० अश्वशक्ती, ६ व्होल्टची बॅटरी. दर पाच हजार किलोमीटरनंतर तिचे टॅपेट सेट करावे लागतात, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट जुळवावी लागते, आणि ते काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे असते. म्हणून मी आदल्या रात्री गाडी गॅरेजमध्ये लावतो आणि सकाळी चहाच्याही आधी गाडीखाली शिरतो. तारेची कडी स्क्रूड्रायव्हरने खाली सारली की पत्र्याचे झाकण सुटते आणि तेलाचे चार थेंब मनगटावर पडतात. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, एक दशांश मिलिमीटरची पाती व्हॉल्व्हचे टोक आणि स्क्रू यांच्यामधल्या फटीत सरकवायची. अडली तर फट कमी, अलगद निघून गेली तर जास्त, आणि किंचित ओढ लागून सरकली तर बरोबर. ती ओढ ओळखायला मला दोन वर्षे लागली.

तिसऱ्या सिलिंडरपाशी मी नेहमी जास्त वेळ काढतो. या इंजिनात पाणी नसते; ते पंख्याच्या हवेने थंड होते, आणि तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या कवचात नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा आहे. त्यामुळे बाकीच्या तिघांना ताजी हवा मिळते आणि तिसऱ्याला तेलाने आधीच तापवलेली. त्याचाच व्हॉल्व्ह आधी जळतो. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कूलरची जागा बदलून कारखान्याने हा दोष काढला. या गाडीत मला जे आवडते ते हेच आहे. बाहेरून तिचा आकार तोच राहिला, पण आत कोणीतरी दर वर्षी काहीतरी सुधारत राहिले. मागची काच १९५३ पर्यंत दुभागलेली होती, मग १९५७ पर्यंत लंबगोल, मग मोठी. कित्येक वर्षे पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी धक्के देऊ लागली की पायाने एक लिव्हर फिरवून राखीव पेट्रोल चालू करायचे. इतक्या चिकाटीने, न कंटाळता एकाच वस्तूवर केलेले काम मी दुसरीकडे पाहिलेले नाही. स्वतः इंजिनियर म्हणून तीस वर्षे काढल्यावर त्याची किंमत कळते.

हे झाले प्रेमाचे. आता हिटलरचे.

सात वर्षांपूर्वी मंडळाच्या स्मरणिकेत मी याच प्रश्नावर एक लेख लिहिला होता. त्यात मोठ्या आत्मविश्वासाने एक वाक्य टाकले होते : “यंत्राला पाप लागत नाही.” ते वाक्य बऱ्याच जणांना आवडले. दोघातिघांनी फोन करून तसे सांगितलेही. त्या लेखात मी गोष्ट १९४५ पासून सुरू केली होती. तेव्हा मी ती नेहमी तिथूनच सुरू करत असे, आणि ती तिथून फार सुंदर सुरू होते. बाँबहल्ल्यांनी मोडलेला वोल्फ्सबुर्गचा कारखाना. तो ताब्यात घ्यायला आलेला ब्रिटिश सैन्यातला मेजर आयव्हन हर्स्ट. सैन्यानेच नोंदवलेली २० हजार गाड्यांची मागणी, आणि तिच्यामुळे वाचलेली यंत्रे. ब्रिटनच्या मोटार कारखानदारांनी ही गाडी पाहून नाक मुरडले. मग जानेवारी १९४८ मध्ये हाइन्रिख नोर्डहोफ कारखान्याचे प्रमुख झाले, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. पराभूत, उपाशी लोकांनी शत्रूच्याच मदतीने उभे केलेले काम, असा माझा सूर होता. त्यातला एकही तपशील खोटा नाही, हे आजही ठासून सांगतो.

२०१९ च्या जूनमधला एक रविवार. हार्झ डोंगराच्या पायथ्याशी एका गावाच्या बाजारचौकात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. दुपारी साधारण सत्तरीचे एक गृहस्थ माझ्या गाडीपाशी आले. बरोबर विशीतली नात होती. त्यांना पोलिश येत होते आणि जर्मन अगदी थोडे. नात दुभाषाचे काम करत होती. त्यांनी इंजिन पाहू का, असे विचारले. मी मागचे झाकण उघडले, पंखा दाखवला, कूलर दाखवला, तिसऱ्या सिलिंडरची कहाणी सांगितली. त्यांना यंत्रांची जाण होती, प्रश्न नेमके होते. मग त्यांनी विचारले की ही वोल्फ्सबुर्गची का. मी हो म्हणालो आणि माझी ती गोष्ट सांगू लागलो. मेजर हर्स्ट, २० हजार गाड्या, दहा लाख गाड्या. नात वाक्यागणिक भाषांतर करत होती आणि ते मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवले नाही.

माझे संपल्यावर ते नातीशी हळू आवाजात बराच वेळ बोलले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबांची आई त्या कारखान्यात होती. तुम्ही सुरुवात केलीत त्याच्या आधी.”

पुढचे तिने एकेक वाक्य करत सांगितले. त्यांच्या आईला एकोणिसाव्या वर्षी पोलंडमधून सक्तीने आणले होते. १९४४ मध्ये तिला मुलगी झाली. थोड्याच दिवसांत तिला पुन्हा यंत्रावर उभे केले गेले आणि मूल कारखान्याने परदेशी मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी उघडलेल्या ‘बालगृहात’ गेले. ते रूएन नावाच्या खेड्यात होते. मूल तिथेच दगावले. ते गृहस्थ युद्धानंतर पोलंडमध्ये जन्मले. बहीण होती हे त्यांना आईने कितीतरी उशिरा सांगितले. आपल्याकडे आजोबांच्या बहिणीला आजीच म्हणतात. माझ्यासमोर उभ्या असलेल्या त्या मुलीची ही आजी जेमतेम दोन महिने जगली.

मला काय बोलावे ते कळेना. त्यांनीच नातीमार्फत विचारले की गाडी चालू कराल का. आईच्या वाट्याला त्या कारखान्यात सुरुंग बनवायचे काम आले होते. ज्या गाडीच्या नावाने तो कारखाना बांधला, ती तिने तिथे कधी पाहिली नाही, आणि तिचा आवाज कसा असतो ते त्यांना ऐकायचे होते. मी चावी फिरवली. इंजिन लागलीच लागले. अर्ध्या मिनिटाने मला ते सहन होईना, आपण काहीतरी भलतेच करतो आहोत असे वाटू लागले, म्हणून मी ते बंद केले. त्यांनी माझ्याकडे पाहून, या वेळी स्वतःच्या मोडक्या जर्मनमध्ये विचारले, “बंद का केलीत?” मी पुन्हा चालू केले. ते मागच्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. हाताला इंजिनाची थरथर लागत असणार. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेजारच्या गाडीवाल्याने दोनदा वळून पाहिले एवढे आठवते. मग त्यांनी आभार मानले आणि दोघे चौकाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. ते रागावले असते तर माझ्याकडे उत्तरे तयार होती. ते रागावले नाहीत.

त्यानंतर मी वाचायला बसलो. कारखान्याने स्वतःच १९८६ मध्ये हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे या काळाचा अभ्यास सोपवला होता, आणि १९९६ मध्ये त्याचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. तो माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या ग्रंथालयात होता, आणि मी सहा-सात वर्षे त्याच्या शेजारच्या कपाटातली मोटारींची पुस्तके घरी आणत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवे. युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना तिथे सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदी होते, पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून उचलून आणलेल्या मुली होत्या. रूएनच्या त्या घरात साडेतीनशेच्या आसपास तान्ही मुले घाण, उपासमार आणि रोगराई यांनी मेली. त्या घरावर देखरेख असलेल्या कारखान्याच्या डॉक्टरला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि १९४७ मध्ये त्याला फाशी झाली. म्हणजे जे ब्रिटिश मोटारी बांधवून घेत होते, त्यांनीच हा खटलाही चालवला. माझ्या सुंदर गोष्टीत पहिले होते, दुसरे नव्हते.

आणि मागे जावे तितके माझे जुने वाक्य ढिले होत जाते. २६ मे १९३८ रोजी हिटलरने पायाभरणी केली, तेव्हा गाडीचे नाव होते ‘केडीएफ वॅगन’. ‘आनंदातून शक्ती’ हे नाव मिरवणाऱ्या नाझी संघटनेची गाडी. कारखान्याचा पैसा बराचसा मोडून टाकलेल्या कामगार संघटनांच्या जप्त मालमत्तेतून आला होता. किंमत ९९० मार्क. दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवायचे. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी अशी तिकिटे घेतली आणि त्यांतल्या एकालाही त्या पुस्तिकेवर गाडी मिळाली नाही. त्यांचा दावा १९६१ पर्यंत चालला आणि तडजोडीत फार तर ६०० मार्कांची सूट पदरी पडली. गाडीचा आराखडा करणाऱ्या फेर्डिनांड पोर्शेचे नाव सगळ्यांना माहीत असते; योझेफ गान्झचे नसते. हा ज्यू इंजिनियर मोटारींविषयीच्या एका नियतकालिकाचा संपादक होता. मागे इंजिन असलेल्या, हलक्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीचा तो वर्षानुवर्षे पुरस्कार करत होता, आणि तशा गाड्या त्याने बनवूनही दाखवल्या. १९३३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला अटक केली. पुढे त्याला देश सोडावा लागला. बीटल त्याचीच, असे मी म्हणत नाही. त्यावर जाणकारांचे वाद आहेत. पण तो ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये वारला, आणि माझी गाडी त्याच वर्षीची आहे, हे मला विसरता येत नाही. नोर्डहोफही काही कोऱ्या पाटीचे नव्हते. युद्धात ते ओपेलचा ब्रांडेनबुर्गचा ट्रक कारखाना चालवत होते, आणि त्यामुळेच युद्धानंतर जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातल्या विभागात त्यांना काम मिळेना.

इथे मला माझी बाजूही मांडू द्या. हा प्रश्न फक्त मलाच का? चाकणला २००९ पासून त्याच कंपनीच्या गाड्या बनतात. विचारणाऱ्यांपैकी दोघांच्या दारात पोलो उभी आहे. त्यांना कोणी मेळाव्यात गाठून जाब विचारत नाही. माझी गाडी ज्या हातांनी जोडली, त्यांत १९६२ पासून वोल्फ्सबुर्गला आलेल्या इटालियन मजुरांचे हात होते. बराकीत राहून, घरी पैसे पाठवणाऱ्या माणसांचे. त्यांचे श्रम मी कोणाच्या खात्यात मांडू? आणि जुनी गाडी मोडीत काढली तर रूएनच्या मुलांचे नाव कोण घेणार? हे मी पूर्वी म्हणत होतो, आजही म्हणतो. पण रात्री एकटा असताना हेही कळते की मुलांचे नाव घ्यायला मला गाडी लागत नाही. गाडी मी ठेवली आहे ती मला आवडते म्हणून.

“यंत्राला पाप लागत नाही” हे वाक्य मी मागे घेतो. त्याच्या जागी दुसरे वाक्य मात्र मला सापडलेले नाही. मेळाव्यात पुढच्या काचेमागे गाडीची माहिती देणारा कागद ठेवायची रीत आहे. माझ्या कागदावर आता अश्वशक्तीच्या आधी १९३८ येते आणि त्याखाली रूएनची एक ओळ. एका मेळाव्यात आयोजकांनी ती ओळ काढायला सांगितली, कारण लोक कुटुंबासह, सुट्टीच्या दिवशी येतात. मी कागद न काढता गाडी घेऊन घरी आलो. पुढच्या वर्षी त्यांचे निमंत्रण आले नाही, याचे वाईट वाटले. तिथे माझे जुने मित्र भेटत.

रूएनच्या स्मशानभूमीत त्या मुलांचे स्मारक आहे. मी तिथे तीनदा गेलो, तिन्ही वेळा पत्नीच्या गाडीने. पत्नी म्हणते, बीटल घेऊन जा, लपवायचे काय आहे. मला एकदा वाटते की ती बरोबर म्हणते, आणि लगेच वाटते की त्या फाटकासमोर हा आवाज नेण्याचा मला काय अधिकार. गेल्या ऑक्टोबरात टॅपेट सेट केल्यावर मी पहाटे बीटल घेऊन निघालो. फॅलर्सलेबेन मागे पडले, कालव्यापलीकडे कारखान्याची चार धुराडी दिसू लागली, तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. इंजिन बंद केले नाही. तिथून रूएन अर्ध्या तासावरही नव्हते. बराच वेळ तसाच बसून राहिलो, आणि मग गाडी घराकडे वळवली.