कळवणे आणि ठरवणे: क्लिनिकल कौशल्यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा माझा अनुभव

बारा वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काम केल्यानंतर मी क्लिनिकल कौशल्यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला प्रवेश घेतला. आमच्या तुकडीत परिचारिकांबरोबर फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट आणि पॅरामेडिकही होते. प्रत्येकाच्या गाठीशी अनुभव होता आणि रुग्णाची तब्येत बिघडू लागली की ते ओळखण्याची नजरही होती. पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक बाईंनी एका रुग्णाची माहिती देऊन मला विचारले, "यांना काय झाले असावे?" मी रक्तदाब, नाडी, श्वासाची गती आणि ऑक्सिजनचे प्रमाण क्रमाने सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ही नोंद झाली. तुमचे मत काय?" मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी जे पाहिले ते दुसऱ्याला कळवत आले होते. त्यावरून काय ठरवायचे, ही जबाबदारी माझी कधी नव्हतीच.

रुग्णाशी बोलून त्याच्या आजाराची हकीकत समजून घेणे मला येते, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मी फॉर्मवरच्या रकान्यांच्या क्रमाने प्रश्न विचारत होते आणि उत्तराचा पुढच्या प्रश्नाशी काही संबंध नसे. दम लागतो असे रुग्णाने सांगितले, तर तो आडवे पडल्यावर वाढतो का, रात्री झोपेतून गुदमरून उठावे लागते का, उशाला किती उशा घ्याव्या लागतात, पायांवर सूज येते का, हे प्रश्न हृदयाची ताकद कमी पडते आहे या शक्यतेतून येतात. ताप, कफ आणि श्वास घेताना छातीत दुखणे यांविषयीचे प्रश्न वेगळ्या शक्यतेतून येतात. मनात दोन-तीन शक्यता धरून विचारू लागले, तेव्हा शारीरिक तपासणीचाही अर्थ बदलला. रुग्णाला ४५ अंशांत टेकून बसवून मानेतील शिरेचा फुगवटा पाहायचा तो यादीत लिहिले आहे म्हणून नव्हे, तर मनातल्या एका प्रश्नाचे उत्तर तिथे मिळण्यासारखे असते म्हणून.

हातांना वळण लावण्यात बराच काळ गेला. छातीवर डाव्या हाताचे मधले बोट घट्ट टेकवून त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने मनगटातून हलका ठोका द्यायचा आणि तो लगेच उचलायचा, एवढीच कृती. पण पोकळ नाद, मंद नाद आणि फुप्फुसाभोवती पाणी साठल्यावर येणारा दगडासारखा बद्द नाद यांतला फरक बोटांना उमगायला शेकडो ठोके द्यावे लागतात. ही पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवत, आणि पिंपात द्रव किती उरला आहे हे ठोकून पाहण्याच्या रिवाजातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या शोधाची फारशी दखल घेतली गेली नव्हती. १८०८ मध्ये फ्रेंच वैद्य कोर्व्हिसार यांनी त्याचा फ्रेंच अनुवाद केल्यानंतर तो सर्वत्र पोहोचला. ही हकीकत ऐकून मला धीर आला होता. पोट तपासताना मात्र क्रम वेगळा असतो: आधी पाहायचे, मग ऐकायचे आणि हात त्यानंतर लावायचा, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात.

सर्वांत कठीण गेले ते हृदयाचे आवाज ऐकणे. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवून ऐकले, तिथून स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. माझ्या गळ्यात तो वर्षानुवर्षे होता, पण मी त्याचा उपयोग मुख्यतः रक्तदाब मोजण्यासाठी केला होता. मार्गदर्शकांनी मला पहिले दोन महिने केवळ निरोगी हृदये ऐकायला लावली. एक बोट मानेतल्या नाडीवर ठेवायचे आणि ठोक्याबरोबर येणारा आवाज पहिला, हे दर वेळी पक्के करून घ्यायचे. हा अभ्यास मला तेव्हा कंटाळवाणा वाटला. आज कोणी विचारले तर मी आधी हाच करायला सांगेन, कारण नेहमीचा आवाज कानात मुरल्याशिवाय वेगळा आवाज वेगळा म्हणून उठून येत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका रुग्णाला तपासून मी माझ्या लॉगबुकमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, "मर्मर नाही" (हृदयाच्या ठोक्यांखेरीज वेगळा आवाज नाही) असे लिहिले. मार्गदर्शक बाईंनी त्याच रुग्णाला डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपची घंटेसारखी लहान बाजू हृदयाच्या टोकाजवळ अलगद टेकवली आणि मला ऐकायला सांगितले. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात एक खोल, घरघरणारा आवाज होता. तो हृदयातील मायट्रल झडप अरुंद झाल्याचा होता. रुग्ण पाठीवर असताना मोठ्या बाजूने ऐकून मी तो नाकारला होता. त्या दिवसापासून तपासणी कोणत्या स्थितीत केली हे लिहिल्याशिवाय "नाही" हा शब्द मी लॉगबुकमध्ये लिहिला नाही.

लॉगबुकाविषयी एक तक्रारही नोंदवायला हवी. एका विभागात माझी तपासणी प्रत्यक्ष पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनी कामाच्या ओझ्यामुळे ती न पाहताच मूल्यमापनाच्या कागदावर सही केली. मी ती नोंद रद्द करून घेतली आणि दुसऱ्या मार्गदर्शकांसमोर पुन्हा तपासणी केली. त्यात तीन आठवडे गेले. न पाहता केलेली सही शिकणाऱ्यावर उपकार वाटते, पण तिची किंमत पुढे कधीतरी रुग्णाला मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरची परीक्षा ओस्की (OSCE) या, प्रत्यक्ष कौशल्ये तपासणाऱ्या पद्धतीची होती. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडली. ठरावीक वेळात एकेका स्थानकावर एकेक काम करायचे आणि घंटा झाली की पुढे जायचे. शारीरिक तपासणीची सर्व स्थानके मी उत्तीर्ण झाले. नापास झाले ते फोनवरून वरिष्ठ डॉक्टरांना माहिती देण्याच्या स्थानकावर, जे मला सर्वांत सोपे वाटले होते. सद्यस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचे मूल्यमापन आणि शिफारस असे चार टप्पे अपेक्षित होते. मी पहिले दोन तपशीलवार सांगून थांबले. पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्नच माझ्यापुढे परत आला होता. पुनर्परीक्षा सहा आठवड्यांनी झाली. तोवर रोज एका रुग्णाविषयी माझे मत आणि त्याची कारणे मी मार्गदर्शक बाईंना तोंडी सांगत असे, आणि चुकले तर कोठे चुकले हे त्या तिथेच दाखवत.

प्रशिक्षण संपल्यावर काही आठवड्यांनी रात्रपाळीत एका रुग्णाला आडवे पडल्यावर दम लागू लागला. मी तपासले आणि डॉक्टरांना फोन करून म्हणाले, "मला हे हृदय कमी पडल्यामुळे झाले असावे असे वाटते. आपण येऊन पाहावे. ईसीजी मी लगेच काढते आणि छातीचा एक्स-रे सांगून ठेवते." पलीकडून विचारणा झाली, "कशावरून म्हणता?" मी सांगितले: मानेतील शीर फुगलेली आहे, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर आहे, घोट्यांवर दाबल्यावर खड्डा पडतो, ताप आणि कफ नाही, आणि डाव्या कुशीवर हृदयाच्या नेहमीच्या दोन आवाजांखेरीज तिसरा ध्वनी ऐकू येतो. "निघालो," असे ते म्हणाले, आणि मी ईसीजीचे यंत्र आणायला गेले.