मिठाची नऊ पोती

मार्चअखेरची गोष्ट. पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका शेतघरावरचा स्विमिंग टँक मिठाच्या क्लोरिनेटरवर घ्यायचा होता. द्राक्षं उतरली होती, खरड छाटणीला अजून अवकाश होता. मिरजेहून निघालेला आमचा टेम्पो फाटकातून आत वळला आणि तिथंच थांबला. घरचे आबा काठी टेकून वाटेत उभे होते.

"पोत्यात काय हाय?"

"मीठ आहे, आबा. टँकात घालायचंय."

"न्हाई घालायचं. ह्या रानात मिठाचा खडा येणार न्हाई."

त्यांचा मुलगा धावत आला, समजावू लागला. आबा जागचे हलले नाहीत. त्यांचं नदीकडचं साडेतीन एकर रान क्षारपड होऊन हातचं गेलं होतं. उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं, निचरा झाला नाही, खालचं पाणी वर आलं. ते उन्हानं उडून गेलं आणि क्षार तेवढे वर राहिले. पांढरा थर धरला. लावलेलं बेणं उगवेना. पुढं जमिनीत सच्छिद्र पाईप घालून, चर काढून त्यांनी ते रान थोडंथोडं माघारी आणलं. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात हे दुःख गावोगाव आहे. आबांच्या त्या "न्हाई"मध्ये पंचवीस वर्षांचे कष्ट होते, हे मला बोलता बोलता उमगत गेलं.

मी नेहमीसारखं सांगायला लागलो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आपल्याला साडेतीन ग्रॅमसुद्धा लागत नाही. हे पाणी सेलमधून जातं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियम-इरिडियमचा मुलामा असतो. वीज दिली की मिठापासून तिथल्या तिथं क्लोरीन तयार होतो, आणि त्यानं जंतू मारण्याचं काम केलं की पुन्हा त्याचा क्लोराइड होतो. तेच मीठ फिरत राहतं, दर आठवड्याला क्लोरीनचे कॅन आणायला नकोत.

"म्हंजे मीठ संपत न्हाई," आबा म्हणाले.

"नाही."

"मग जातं कुठं?"

"पाण्याबरोबर बाहेर पडेल तेवढंच जातं."

"आन ते पाणी पडतं कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. पाहणीला आलो तेव्हा पंप बघितला, फिल्टर बघितला, वायरिंग बघितलं, पण बॅकवॉशचा, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुतल्यावर ते पाणी बाहेर टाकणारा पाईप भिंतीतून बाहेर गेल्यावर पुढं कुठं उघडतो हे बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

आबा पुढं, आम्ही मागं. पाईप थेट द्राक्षबागेच्या पहिल्या ओळीत उघडत होता. तोंडाशी डबकं साचलं होतं. मी क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा लिटरला 1,500 मिलिग्रॅमच्या वर गेला. अजून मिठाचा एक दाणाही टाकलेला नव्हता! मूळ बोअरचं पाणी जड, त्यात तीन वर्षं हायपो, म्हणजे कॅनमधला पातळ क्लोरीन ओतलेला. हायपोतूनही पाण्यात मीठच साठत जातं. आबांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. कडा तपकिरी, करपलेल्या. "खारं सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावरचं झाड हाय म्हणून तग धरलाय," ते म्हणाले. शेजारच्या ओळीतली पानं हिरवी होती.

तिथंच पोत्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. पंप ताशी 12 हजार लिटरचा. आठवड्यातून एकदा चार मिनिटं बॅकवॉश म्हणजे 800 लिटर. लिटरला 3.4 ग्रॅम धरलं तर दर खेपेला पावणेतीन किलो मीठ, वर्षाला 140 किलोंच्या पुढं. 25 किलोंची साडेपाच पोती. दरवर्षी, एकाच ओळीच्या बुडात. मुलाचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

दुपारपर्यंत काम बंद ठेवलं. वाळूचा फिल्टर काढून कार्ट्रिज फिल्टर बसवायचा, असं शेवटी ठरलं. त्याला बॅकवॉश नाही. कार्ट्रिज काढून नळीनं धुवायचं, पन्नास-साठ लिटर पाणी पुरतं. ते धुण्यासाठी आबांनी जागा दाखवली आणि शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद काढून दिला. खड्डा खणून त्यात तो अंथरला, पावसासाठी वर पत्रा. पाणी तिथंच उडून जाईल, क्षार कागदावर राहील, वर्षातून एकदा खरवडून काढता येईल. टँकाचा ओव्हरफ्लोही बागेकडून वळवला. मे महिन्यात वरून पाणी घालणं थांबवून पातळी चार बोटं उतरू द्यायची, म्हणजे वळवाच्या पहिल्या पावसात खारं पाणी बाहेर सांडणार नाही.

मग खरं काम. फिल्टरच्या पुढं, टँकाकडं परत जाणाऱ्या लाइनवर, अगदी शेवटी सेल जोडला. त्याची वीज पंपाच्या स्टार्टरमधूनच घेतली. आमच्या पोरानं आधी ती वेगळ्या सॉकेटवरून काढली होती, ती मी सोडवायला लावली. पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिला तर आत हायड्रोजन कोंडतो, ही हयगय करायची जागा नाही. व्हॉल्व्ह बंद करून फ्लो स्विच, म्हणजे पाणी थांबलं की सेल बंद करणारा स्विच, दोनदा तपासला, दोन्ही वेळा सेल बंद पडला.

पाण्याचा पीएच 8.1, अल्कलिनिटी (आम्ल जिरवायची पाण्याची ताकद) 180, हार्डनेस (जडपणा) 420 निघाला. सेलमध्ये पट्ट्यांजवळ पीएच आणखी चढतो, त्यामुळं इतक्या जड पाण्यात चुन्याचा थर लवकर धरतो. विजेची दिशा आपोआप उलटून सेल तो थर झटकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून ॲसिड पाण्यात थोडंथोडं सोडून पीएच आणि अल्कलिनिटीचे आकडे तीन दिवसांत उतरवले आणि यापुढं टँक बोअरऐवजी नदीच्या उपशाच्या लाइनीवरून भरायचं ठरलं. उघड्या टँकातला क्लोरीन आपल्या उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, त्यासाठी सव्वातीन किलो स्टॅबिलायझर कापडी पिशवीत घालून पाण्यात टांगला.

शेवटी मीठ. दुकानदारानं 65 हजार लिटरचा सरळ हिशेब करून नऊ पोती दिली होती. पण पाण्यात आधीचंच लिटरला 1.4 ग्रॅम होतं. नऊच्या नऊ ओतली असती तर आकडा पावणेपाचच्या वर गेला असता, सेल बंद पडला असता, आणि जादाचं मीठ काढायला पाणी उपसण्याशिवाय इलाज नव्हता. म्हणजे पुन्हा रानातच. चार पोती घातली, सेल बंद ठेवून चोवीस तास पंप फिरवला, मोजलं, मग पाचवं. 3.3 आला. मीटर मी आबांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः टँकात बुडवला, मग नव्या खड्ड्यापाशी जाऊन कागदाच्या कडा चारी बाजूंनी दाबून बघितल्या.

उरलेली चार पोती त्यांनी शेडमध्येही ठेवू दिली नाहीत. टेम्पोत भरताना एक पोतं कोपऱ्यात उसवलं. सांडलेलं मीठ त्यांनी सुपात भरून, मातीसकट, माझ्याकडं दिलं.