वैऱ्याचा पुतळा घरात कशाला?

आमच्याकडे भारतातून कोणी आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॉन्टिसेलोची फेरी ठरलेली. आम्ही व्हर्जिनियातच, गाडीने दोनेक तासांवर. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन याचं हे डोंगरावरचं घर त्याच्या गुलामांनी राबून उभं केलेलं. दारातून आत गेलं की पहिलं दालनच एखाद्या संग्रहालयासारखं. भिंतींवर शिंगं, दारावर भलंमोठं घड्याळ. घड्याळाची वजनं म्हणजे तोफेचे गोळे. ते खाली सरकतात तसा भिंतीवर वार कळतो. आठवडाभर उतरायला भिंत पुरेना, म्हणून जमिनीला भोकं पाडली. तेव्हा शनिवार बघायचा तर तळघरात जायचं! पाहुण्यांचं मन तिथेच रमतं. मग गाइड सांगतो की या दालनात जेफरसनने स्वतःचा अर्धपुतळा ठेवला होता आणि बरोब्बर समोर अलेक्झांडर हॅमिल्टनचा.

थोडाफार इतिहास वाचलेला प्रत्येक पाहुणा मग माझ्याकडे वळतो. "अगं, ह्या दोघांत तर विस्तव जात नव्हता ना? मग वैऱ्याचा पुतळा घरात कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

माझ्या आत्याने विचारलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, "मरणान्तानि वैराणि." रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला सांगितलेलं ते वचन. आपल्याकडे प्रतापगडावर गेलं, अफझलखानाच्या कबरीचा विषय निघाला की कोणीतरी ते म्हणतंच. माणूस गेला, वैर संपलं, केवढं मोठं मन! मलाही पहिल्या खेपेला तसंच वाटलं होतं.

पण जेफरसन स्वतः काय म्हणायचा? पुतळ्यांकडे बघणाऱ्या पाहुण्याला तो हसून सांगे, 'जिवंतपणी समोरासमोर, मेल्यावरही समोरासमोर', अशी आठवण सांगतात. म्हणजे आत्याच्या नेमकं उलट. वैर संपलेलं नाही, चौथऱ्यावर चढवून जपून ठेवलंय.

वैर तरी कसलं? वॉशिंग्टनच्या पहिल्या मंत्रिमंडळात जेफरसनकडे परराष्ट्र खातं, हॅमिल्टनकडे खजिना. एकाला शेतकऱ्यांचा देश हवा, दुसऱ्याला बँका आणि कारखाने. जेफरसनने फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली, वर्षाला २५० डॉलर. हा कवी उरलेल्या वेळात वर्तमानपत्र काढायचा आणि त्यातून हॅमिल्टनची सालं काढायचा. हॅमिल्टनही काही कमी नव्हता. टोपणनावांनी तो जेफरसनवर लेखांमागून लेख पाडत होता. दोघंही सरकारच्याच पगारावर, हे विशेष.

आता चेहऱ्यांकडे येते. १७९१ मध्ये जेफरसनच्या बिऱ्हाडी जेवण होतं. भिंतीवर थोरामोठ्यांची तैलचित्रं, त्यांत बेकन, न्यूटन आणि लॉक हे तीन इंग्रज विचारवंत. हॅमिल्टनने विचारलं, हे कोण? जगाने दिलेली सर्वांत थोर तीन माणसं, जेफरसन म्हणाला. हॅमिल्टन थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आजवरचा सर्वांत थोर माणूस म्हणजे ज्युलियस सीझर." म्हणजे रोमचं प्रजासत्ताक गुंडाळणारा हुकूमशहा! हे आपल्याला कळतं ते जेफरसनच्याच १८११ च्या पत्रातून. तोवर हॅमिल्टनला जाऊन साडेसहा वर्षं झाली होती, खोडून काढायला माणूसच नाही. हॅमिल्टनच्या स्वतःच्या लिखाणात सीझर येतो तो बहुधा शिवीसारखाच. मला तरी वाटतं, भिंतीवरचं ते शिष्ट त्रिकूट बघून त्याने यजमानाची फिरकी घेतली असावी.

आणि गंमत बघा, पुतळ्यात तोच हॅमिल्टन रोमन थाटात! पुतळा जुझेप्पे चेराक्की या रोमच्या शिल्पकाराचा. हा गडी अमेरिकेत आला तो स्वातंत्र्याचं शंभर फुटी स्मारक उभारायचं स्वप्न घेऊन. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसे द्यावेत म्हणून त्याने बड्या मंडळींचे पुतळे घडवायचा सपाटा लावला. स्मारक काही झालं नाही. मग गृहस्थाने पुतळ्यांची बिलं धाडली. हॅमिल्टनने १७९६ मध्ये ६२० डॉलर भरले आणि हिशेबाच्या वहीत नोंद केली की पुतळा चेराक्कीच्याच आग्रहावरून झाला, पैसे भिडेखातर दिले. खजिन्याचा मंत्री राहिलेला माणूस, पण भिडेपुढे त्याचंही चाललं नाही. वॉशिंग्टन मात्र खमके. त्यांनी पुतळा परत केला. चेराक्की पुढे पॅरिसला गेला, नेपोलियनला मारण्याच्या कटात सापडला आणि १८०१ मध्ये गिलोटिनखाली गेला.

जेफरसनचा पुतळाही याच चेराक्कीचा. गाइडच्या बोलण्यात हे पटकन निसटून जातं, पण हॅमिल्टनचा पुतळा माणसाएवढा होता आणि जेफरसनचा त्याहून बराच मोठा. पाहुण्यांना याच दालनात ताटकळत बसायला लागे. बसल्या बसल्या त्यांनी काय बघावं, हे यजमानाने ठरवून ठेवलं होतं. शत्रू बरोबरीचा, तोलामोलाचा दिसला पाहिजे, पण डोळ्यात भरायचं ते आपणच. मला यात मोठं मन दिसत नाही, नेपथ्य दिसतं. एक मात्र आहे. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि ॲरन बर यांना निर्वाचकांची सारखीच ७३ मतं पडली, तेव्हा हॅमिल्टनने आपल्या पक्षाला सांगितलं की बरपेक्षा जेफरसन परवडला. त्याच बरने, जेफरसनचा उपराष्ट्राध्यक्ष असताना, १८०४ मध्ये द्वंद्वात हॅमिल्टनला गोळी घातली. समोरच्या पुतळ्याकडे बघताना जेफरसनला हे आठवत असेल का, असं दर खेपेला माझ्या मनात येतं.

जेफरसन १८२६ मध्ये लाखाच्या वर कर्ज ठेवून गेला. त्याचा तो अवाढव्य पुतळा पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचला आणि १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे आग लागली त्यात गेला. चेराक्कीचा हॅमिल्टन मात्र तरला. हॅमिल्टन मेल्यावर जॉन ट्रंबुलने याच पुतळ्यावरून त्याची चित्रं काढली आणि त्यांतल्याच एकावरून दहाच्या नोटेवरचा चेहरा आला.

जेफरसनही नोटेवर आहे, दोनच्या, गिल्बर्ट स्टुअर्टच्या चित्रावरून. स्टुअर्टला त्याने १८०० मध्ये शंभर डॉलर मोजले होते. चित्र घरी आलं १८२१ मध्ये.

परतताना मी आत्याच्या हातावर दोन्ही नोटा ठेवल्या आणि चेहरे दाखवले. दहाची तिने तिथेच आइस्क्रीमसाठी मोडली. दोनची इथे फारशी कोणी खर्चत नाही म्हटल्यावर तिने ती घडी करून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली, गजाननमहाराजांच्या फोटोमागे.